भंगार ॲल्युमिनियमच्या भट्टीचा हिशेब उताऱ्यावरून व्हावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ॲल्युमिनियमच्या पुनर्वापरासंबंधी वृत्तपत्रांतून जे लेखन प्रसिद्ध होते, त्यात एक विधान बहुधा असतेच. खनिजापासून नवे ॲल्युमिनियम तयार करायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे ५ टक्के ऊर्जेत भंगारातून तेवढेच ॲल्युमिनियम परत मिळते, असे ते विधान आहे. ते खरे आहे आणि वारंवार सांगितले जाते याचा मला आनंद आहे. परंतु भट्टीत टाकलेले भंगार जवळजवळ सर्वच्या सर्व धातुरूपाने बाहेर येते, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात किती धातू बाहेर येईल हे भट्टी कशी बांधली आहे आणि तिच्यात भंगार कोणत्या वाटेने शिरते, यावर ठरते. धातू वितळवण्याच्या कामाशी दीर्घकाळ संबंध आलेला माणूस म्हणून या बाजूकडे आपल्या वाचकांचे, विशेषतः नव्याने भट्टी उभारू पाहणाऱ्या तरुण उद्योजकांचे, लक्ष वेधावे असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

भट्टी विकत घेताना दोनच प्रश्न विचारले जातात : तासाला किती माल वितळतो आणि इंधन किती लागते. तिसरा प्रश्न, म्हणजे उतारा (टाकलेल्या भंगारापैकी धातुरूपाने परत मिळणारा वाटा) किती पडतो हा, शेवटी येतो किंवा येतच नाही. माझ्या मते तोच पहिला असायला हवा, आणि त्याचे कारण साध्या आकडेमोडीने दाखवता येते.

अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी १८८६ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, वितळलेल्या क्रायोलाइट या क्षारात ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, विरघळवून विजेच्या साह्याने धातू वेगळा करण्याची रीत शोधली. नवे ॲल्युमिनियम आजही त्याच रीतीने तयार होते आणि एका किलोला साधारण १३ ते १५ युनिट वीज लागते. याउलट थंड ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, वितळवून, ओतण्याजोगे म्हणजे ७२० अंशांच्या आसपास नेण्यासाठी प्रत्यक्ष धातूत जी उष्णता शिरावी लागते, ती किलोला सुमारे ०.३ युनिट एवढीच असते. टनाचा विचार केला तर ३०० युनिट. आता त्या एका टनातला फक्त १ टक्का, म्हणजे १० किलो धातू भट्टीत वाया गेला असे समजू. तो भरून काढायला जगात कुठेतरी १० किलो नवे ॲल्युमिनियम तयार करावे लागणार, म्हणजे सुमारे १४० युनिट वीज. एका टक्क्याची नासाडी ही अख्खा टन वितळवायला लागणाऱ्या उष्णतेच्या जवळपास निम्मी झाली. नासाडी ५ टक्क्यांवर गेली, तर ती त्या उष्णतेच्या दुपटीहून जास्त होते. बर्नर बदलून किंवा विटांचा थर वाढवून इंधनात जी बचत साधते, ती धातूच्या अशा नासाडीपुढे अगदी किरकोळ ठरते.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि तिची चर्चा फार कमी होते. ॲल्युमिनियम स्वतःच एक इंधन आहे. एक किलो ॲल्युमिनियम पूर्ण जळून त्याचे ऑक्साइड झाले, तर सुमारे ३१ मेगाज्यूल म्हणजे साडेआठ युनिटच्या वर उष्णता बाहेर पडते. एका टनापैकी ४० किलो धातू जळाला, तर उरलेला सगळा धातू वितळवायला पुरेल एवढी उष्णता, निदान कागदावर तरी, त्या जळण्यातूनच निघते. ती सगळी रसात, म्हणजे वितळलेल्या धातूत, उतरत नाही हे खरे, पण तिचा काही भाग उतरतोच. त्यामुळे जी भट्टी धातू जाळते ती इंधनाच्या वहीत काटकसरी दिसते. माल लवकर वितळतो, बर्नर कमी वेळ चालतो आणि मालक समाधानी असतो. अशा वेळी तो गॅस किंवा तेल यांच्याऐवजी त्यांच्या कितीतरी पट महागडी वस्तू जाळत असतो. इंधनाच्या आकड्यावरून भट्टी निवडण्यातला हा धोका मला सर्वांत मोठा वाटतो.

आता धातू जळतो कशामुळे, ते पाहू. ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग हवेत उघडा पडताक्षणी त्यावर ऑक्साइडची अतिशय पातळ पण घट्ट पापुद्र्यासारखी साय धरते. हीच साय थंड धातूला गंजण्यापासून वाचवते आणि हीच भट्टीत आपली शत्रू होते, कारण ऑक्साइड वितळायला २,००० अंशांहून अधिक तापमान लागते आणि ते भट्टीत कधीच येत नाही. म्हणजे जेवढा पृष्ठभाग जास्त, तेवढी साय जास्त आणि तेवढी नासाडी जास्त. एक किलो ॲल्युमिनियमचा घन ठोकळा घेतला, तर त्याची बाजू सुमारे ७.२ सेंटिमीटर आणि एकूण पृष्ठभाग ३१० चौरस सेंटिमीटरांच्या आसपास भरतो. तोच किलोभर धातू पेयाच्या डब्याच्या भिंतीइतका, म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचा पत्रा म्हणून घेतला, तर दोन्ही बाजू मिळून तो ७ चौरस मीटरांच्या वर जातो. वजन तेच, धातू तोच, पण हवेला सामोरा जाणारा भाग दोनशे पटींहून जास्त. लेथवरचा कीस, फॉइल, पातळ पत्रा आणि जाड ओतीव भाग या सर्वांना एकाच दारातून, एकाच ज्वाळेखाली ढकलणारी भट्टी कितीही मजबूत बांधलेली असली, तरी ती चुकीची भट्टी आहे.

त्यात मॅग्नेशियमची भर पडते. पेयाच्या डब्याच्या अंगात साधारण १ टक्का मॅग्नेशियम असते, तर झाकणाच्या मिश्रधातूत ते साडेचार टक्क्यांच्या आसपास असते. मॅग्नेशियम ॲल्युमिनियमपेक्षा अधिक उत्सुकतेने ऑक्सिजन घेते, आणि त्याच्यामुळे तयार होणारी साय सच्छिद्र असल्याने ती खालच्या धातूचे रक्षण करीत नाही. तापमान जसजसे ७५० अंशांच्या पुढे जाऊ लागते, तसतसा हा वेग झपाट्याने वाढतो.

सर्वांत प्रचलित मोठी भट्टी म्हणजे छतावरून उष्णता परावर्तित करणारी आयताकृती रिव्हर्बरेटरी भट्टी. बर्नरचा झोत वरून जातो, छत आणि भिंती तापून लाल होतात आणि त्यांची उष्णता खालच्या धातूवर पडते. जाड ठोकळ्यांसाठी ही रचना उत्तम आहे. मात्र स्वच्छ ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग अंगावर पडणाऱ्या उष्णतेचा बहुतांश भाग परत फेकतो, आणि रसावर मळीचा, म्हणजे ऑक्साइड आणि त्यात अडकलेला धातू यांचा, थर साचला की तो थर गोधडीसारखा उष्णता अडवून धरतो. परिणाम असा होतो की वरचा रस गरजेपेक्षा फार तापतो, तळाचा थंड राहतो, काम रेंगाळते, आणि भट्टीवाला स्वाभाविकपणे आग वाढवतो. आग वाढली की वरचा थर आणखी जळतो, मळी आणखी जाड होते आणि उष्णता खाली उतरणे आणखी अवघड होते. या फेऱ्यातून सुटण्याचा मार्ग बर्नरमध्ये नाही. तो रस हलता ठेवण्यात आहे.

म्हणूनच हलक्या भंगारासाठी भट्टीच्या बाजूला एक उघडी विहीर ठेवण्याची रचना मला सर्वांत समंजस वाटते. मुख्य कप्प्यात ज्वाळा असते, बाजूच्या विहिरीत नसते. दोन्ही कप्पे रसाच्या पातळीखालच्या कमानीने जोडलेले असतात. ग्रॅफाइटचा पंप तापलेला रस मुख्य कप्प्यातून विहिरीत आणि तिथून परत असा फिरवत राहतो. विहिरीत रसाला भोवऱ्यासारखी गती दिली, तर वरून टाकलेला कीस पाहता पाहता आत ओढला जातो. ज्यांनी हे जवळून पाहिले असेल त्यांना आठवेल, की किसाचा ढीग ज्वाळेखाली टाकला तर त्याच्या कडा आधी तांबूस, मग पांढऱ्या होऊन झगझगतात आणि शेवटी खाली राखेसारखा करडा भुगा उरतो. तोच कीस भोवऱ्यात टाकला तर धगधग न दिसता तो रसाखाली नाहीसा होतो आणि वर जेमतेम एक पातळ साय येते. रसाखाली हवा नाही, म्हणून तिथे जळणेही नाही, आणि चारही बाजूंनी द्रव धातू भिडल्यामुळे उष्णता कोणत्याही ज्वाळेपेक्षा लवकर आत शिरते. हलके भंगार ज्वाळेला दाखवायचे नाही, रसात बुडवायचे, हे सूत्र लहान मुशीच्या, म्हणजे धातू वितळवण्याच्या भांड्याच्या, भट्टीलाही लागू आहे. मूस पूर्ण रिकामी न करता तळाशी काही रस शिल्लक ठेवला आणि पुढचा माल दाबून लगड्यांसारख्या गठ्ठ्यांच्या रूपात त्यात बुडवला, तर कोणत्याही खर्चिक यंत्राशिवाय उताऱ्यात फरक दिसतो. लहान मुशीच्या भट्टीत झोत मुशीभोवती गोल फिरावा, तोंडावरून आत शिरू नये आणि मुशीला झाकण असावे, एवढी काळजीदेखील पुष्कळ ठिकाणी घेतली जात नाही.

इंडक्शन भट्टीत, म्हणजे विजेच्या वेटोळ्याने धातूतच उष्णता निर्माण करणाऱ्या भट्टीत, ज्वाळाच नसते आणि विद्युत्‌चुंबकीय बलाने रस आपोआप ढवळला जातो, त्यामुळे स्वच्छ, कोरड्या किसासाठी ती फार चांगली. मळकट मालासाठी मात्र ती घाईने घेऊ नये, कारण तेच ढवळणे सायीचे तुकडे रसात खोल ओढते आणि चॅनेल प्रकारात रस ज्या अरुंद वाहिनीतून फिरतो ती ऑक्साइडने बुजत जाते. अस्तरामागे, म्हणजे भट्टीला आतून लावलेल्या अग्निरोधक थरामागे, पाणी वाहणारी तांब्याची वेटोळी असतात, तेव्हा अस्तराला गेलेली भेग इथे अक्षम्य ठरते.

मळीमिश्रित, रंग लागलेल्या, बारीक मालासाठी आडवी फिरणारी रोटरी भट्टी वापरतात. तिच्यात प्रामुख्याने सोडियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड आणि जोडीला थोडे क्रायोलाइट किंवा फ्लोरस्पार असे क्षारांचे मिश्रण घालतात. वितळलेला क्षार धातूवर पांघरूण घालतो, सायीचे पापुद्रे सोडवतो आणि अडकलेले थेंब एकत्र यायला मदत करतो. उतारा सुधारतो, पण मागे क्षारयुक्त मळी उरते आणि ती उघड्यावर टाकणे हा गंभीर अपराध मानला पाहिजे. तिच्यातल्या नायट्राइड आणि कार्बाइडवर पाणी पडले की अमोनिया व मिथेन निघतात, उरलेल्या धातूच्या कणांपासून हायड्रोजन निघतो आणि क्षार जमिनीत मुरून विहिरींच्या पाण्यात उतरतात. कलणारी रोटरी भट्टी कमी क्षारात काम करते, म्हणून निवड करायची असेल तेव्हा तिलाच प्राधान्य द्यावे. क्षारमळी कुठे जाणार याचे उत्तर नसेल, तर रोटरी भट्टी बांधूच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

ओल हा विषय थोडक्यात उरकता येण्याजोगा नाही, कारण त्यात माणसांचे जीव जातात. बंद डब्यात अडकलेले थोडेसे पाणी रसाखाली गेले, की त्याची क्षणात वाफ होते आणि साध्या वातावरणीय दाबाला ती पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा मागते. वरचा रस कारंज्यासारखा उडतो. शिवाय तापलेले ॲल्युमिनियम पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेते व हायड्रोजन मोकळा करते. त्यातला काही भाग रसात विरघळतो आणि धातू गोठताना तो बाहेर पडू पाहतो, कारण घन ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन द्रवाच्या मानाने अगदीच कमी मावतो. ओतीव वस्तूत दिसणारी बारीक छिद्रे बहुतांशी त्याचीच असतात. यावर उपाय रचनेतच असायला हवा. भट्टीच्या तोंडाशी कोरडा, उताराचा ओटा असावा, धुराड्याकडे जाणाऱ्या गरम वायूंनी माल तिथे आधी वाळावा व तापावा आणि मगच तो रसात सरकावा. माल आधी वाळवून घ्या अशी तोंडी सूचना रात्रपाळीत विसरली जाते. ओटा बांधलेला असेल तर मालाला त्याच वाटेने यावे लागते.

त्याच ओट्याचा आणखी एक उपयोग आहे. लोखंड १,५३८ अंशांना वितळते, म्हणून भंगारात राहिलेले बोल्ट, बुश, पट्ट्या उतारावर जागच्या जागी राहतात आणि ॲल्युमिनियम मात्र वितळून खाली वाहते. ते लोखंड तिथेच झाऱ्याने ओढून काढता येते. ते रसात पडले तर हळूहळू विरघळते, आणि विरघळलेले लोखंड परत काढण्याचा सोपा व्यावहारिक उपाय नाही. गोठताना त्याच्या सुयांसारख्या ठिसूळ रचना बनतात आणि तो धातू महत्त्वाच्या भागांसाठी निकामी होतो. मँगॅनीज घालून या सुयांचा आकार बदलता येतो, पण लोखंड आतच राहते. म्हणून झारे, पळ्या आणि इतर पोलादी अवजारांना लेप दिल्याशिवाय ती रसात घालू नयेत, हेही तितकेच खरे.

रंग, छपाई, तेल आणि प्लॅस्टिक असलेला माल थेट भट्टीत टाकला की काळा धूर येतो आणि मागे राहिलेला कार्बन मळी वाढवतो. मोठ्या कारखान्यांत असा माल आधी कमी ऑक्सिजनच्या भांड्यात सुमारे ५०० अंशांना तापवून त्यावरचा लेप उडवतात आणि निघालेली वाफ वेगळ्या कक्षात ८५० अंशांच्या आसपास पूर्ण जाळतात. मालात क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक असेल तर डायॉक्सिन या विषारी द्रव्यांचा धोका असतो, म्हणून हा दुसरा कक्ष वगळून केलेली बचत शेजारच्या वस्तीच्या फुप्फुसांतून वसूल होते. ज्यांना ही व्यवस्था परवडत नाही, त्यांनी लेप असलेला माल घेऊ नये.

अस्तराबद्दलही लिहिले पाहिजे. साध्या अग्निविटांत सिलिका भरपूर असते आणि वितळलेले ॲल्युमिनियम सिलिकेतला ऑक्सिजन ओढून घेते. वीट पोखरली जाते, सिलिकॉन रसात मिसळते आणि रसाच्या पातळीच्या लगत वर कुरुंदासारखा अतिशय कठीण, करडा-काळा थर वाढू लागतो. तो थर दर पाळीला थोडा थोडा खरवडला नाही, तर पुढे पहार घालून फोडावा लागतो आणि त्याबरोबर विटाही निघतात. रसाला लागणाऱ्या भागात उच्च ॲल्युमिनाचे, रस चिकटू नये म्हणून बेरियम सल्फेटसारखे द्रव्य मिसळलेले अस्तर वापरावे, आणि स्वस्त विटा मागच्या उष्णतारोधक थरात ठेवाव्यात. पुनर्प्राप्तीची सोय नसलेल्या भट्टीतून निम्मी किंवा त्याहून जास्त उष्णता धुराड्यावाटे जाते, त्यामुळे ज्वलनाची हवा त्याच वायूंनी आधी तापवण्याची सोय करणेही शहाणपणाचे आहे. फक्त ती उतारा सुधारल्यानंतर करावी.

शेवटी मळीविषयी, कारण नासाडीचा मोठा भाग भट्टीबाहेर होतो आणि तो डोळ्यांदेखत होत असतो. मळी ओढून जमिनीवर टाकली की सुरुवातीला ती मंद लाल दिसते. थोड्या वेळात ती विझत जाण्याऐवजी ढिगाच्या मध्यभागी पांढरी झगझगू लागते आणि पुष्कळजण ती थंड होत असल्याचे समजून तशीच सोडून देतात. प्रत्यक्षात त्या ढिगात वजनाच्या निम्मे किंवा त्याहूनही जास्त ॲल्युमिनियम अडकलेले असते आणि ते त्या क्षणी जळत असते. मळी गरम असतानाच दाबयंत्रात दाबली, तर रस खाली निथळतो. ते शक्य नसेल तर ती बंद झाकणाच्या भांड्यात, शक्यतो आर्गॉन या निष्क्रिय वायूखाली, थंड करावी. भट्टीचा आराखडा करतानाच तिच्या दारापासून चार पावलांवर या भांड्याची जागा आखलेली असावी. ती लांब असली, तर कितीही बजावले तरी मळी जमिनीवरच पडते.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. भट्टी बनवणाऱ्यांनी आपल्या माहितीपत्रकात तासाच्या क्षमतेबरोबर उतारा छापावा, आणि तो कोणत्या प्रकारच्या भंगारावर, कोणत्या तापमानाला मोजला हेही सोबत द्यावे. ठोकळ्यांवर मोजलेला उतारा किसाच्या ग्राहकाला दाखवला जाऊ नये. आणि पुनर्वापराच्या उद्योगांना कर्ज, परवाना किंवा सवलत देणाऱ्या यंत्रणांनी प्रत्येक भट्टीकडून तीन वजनांची नोंद मागावी : आत गेलेले कोरडे भंगार, ओतलेला धातू आणि बाहेर काढलेली मळी. त्यासाठी वजनकाटा आणि वही एवढेच लागते. भंगारातली ओल, तेल आणि रंग यांची वजावट केल्यावर या तीन आकड्यांत जो फरक उरतो, त्यावरून कोणत्या भट्टीचे दार, विहीर किंवा झाकण बदलायला हवे हे महिन्याभरात कळू शकते.

आपला नम्र,
ओतकाम क्षेत्रातील एक वाचक